सांगायचा वेळ ड्यूटीत धरा

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, यांस

सादर नमस्कार.

मी काणकोण तालुक्यातल्या पैंगीणची. ३५ वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. माझ्या थोरल्या बहिणीला दीड वर्षापूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, ८ किमो झाल्या, रेडिएशन झालं. आज ताई घरी आहे, सकाळची पेज स्वतः रांधते, माझ्या हातचं मीठ कमी पडलं की बोलते. औषधं वेळेवर मिळाली, पैशासाठी कुणाच्या दारात जावं लागलं नाही. याबद्दल सरकारचे आभार आधीच मानते. माझं मागणं वेगळं आहे आणि त्यासाठी यंत्र विकत घ्यावं लागणार नाही.

पहिल्या दिवसाचं सांगते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की चौकशी लागते, ती फिरत फिरत एका डॉक्टरच्या डोक्यावर येऊन बसते, आणि चूक त्याची नव्हती.

पहाटेची बस, करमल घाट, मडगावला दुसरी बस. बायोप्सीचा रिपोर्ट काजूच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून मी पोटाशी धरला होता. आमचा नंबर लागला तेव्हा एक वाजून गेला होता. टेबलाभोवती आम्हाला धरून सात माणसं. आधीचा पेशंट शर्टाची बटणं लावत होता, पुढचा दारातून डोकावत होता. डॉक्टर तरुण, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्याने रिपोर्ट वाचला, ताईकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाठ साधी नाही. कॅन्सरची आहे. ऑपरेशन करावं लागेल, मग किमो." तेवढ्यात सिस्टरने दुसरी फाइल सहीसाठी पुढे केली. ताईने विचारलं, "दोतोर, म्हाका बरें जातलें मूं?" मी बरी होईन ना, एवढंच. त्याने सही करून मान वर केली, तोवर पुढच्या माणसाने खुर्चीच्या पाठीला हात लावला होता. आम्ही उठलो.

बाहेर बाकावर बसून ताईने मला विचारलं, "कितें म्हळें ताणें?" त्या एका शब्दापुढचं काहीच तिच्या कानात शिरलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही. कोणती तपासणी कधी, उपाशीपोटी कोणती, हे त्याने सांगितलं होतं म्हणे. आम्ही दोन दिवसांनी रक्त द्यायला गेलो ते चहा-पाव खाऊन. परत पाठवलं. पुन्हा घाट, पुन्हा दोन बस.

त्याच पहिल्या दिवशी, साडेतीनच्या सुमारास, मी पाण्याची बाटली भरायला जिन्याकडे गेले तर तो डॉक्टर पायरीवर बसलेला. मांडीवर डबा, झाकण उघडं, भातावरचं माशाचं हुमण गार होऊन त्यावर साय धरलेली. मला पाहून तो उठायला लागला. मी म्हटलं, जेवा बाबा. तो म्हणाला, "तुमच्या ताईंनी मला काहीतरी विचारलं होतं, उत्तर द्यायचं राहिलं. आज सकाळपासून हे पाचव्या घरात सांगितलं." त्याने "घरात" हा शब्द वापरला, "पेशंटला" असं म्हणाला नाही. मग डबा तसाच बंद करून आत गेला.

पुढच्या खेपेला आमचा नंबर येताच तो खुर्चीतून उठला. बोलायला दुसरी जागा नव्हती म्हणून आम्हाला ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेला, दार लोटलं आणि ताईसमोर स्टुलावर बसला. केसपेपरच्या मागे चित्र काढून गाठ कुठे आहे, काय काढणार, काय ठेवणार ते दाखवलं. म्हणाला, "बरं व्हावं म्हणूनच हे सगळं करतोय. शंभर टक्के मी म्हणणार नाही, पण या टप्प्याला बरे होणारे पुष्कळ असतात." ताईने केस जाण्याबद्दल विचारलं, मग नातवाला मांडीवर घेतलं तर चालेल का ते विचारलं. १२ मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं, कारण बाहेर आरडाओरड चालू झाली होती. पेडण्याहून पहाटे निघालेला एक माणूस सिस्टरला बोलत होता, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं.

मंत्रिमहोदय, ती १२ मिनिटं त्या डॉक्टरने पेडण्याच्या माणसाच्या वेळातून आणि स्वतःच्या जेवणातून काढली. त्याच्या ड्यूटीत ती कुठेच लिहिलेली नाहीत. पेशंट किती तपासले, ऑपरेशनं किती केली, हे मोजलं जातं. माणसाला त्याचा आजार समजावून सांगितला, तो रडेपर्यंत आणि रडून झाल्यावरही थांबलो, हे काम कुठल्याच रजिस्टरात धरत नाहीत. म्हणून ते करतो तो डॉक्टर रांगेच्या शिव्या खातो, आणि करत नाही त्याला ते रात्री आठवत राहतं.

वाईट बातमी कशी सांगावी याची सहा पायऱ्यांची पद्धत कॅन्सरच्याच डॉक्टरांनी २००० साली लिहून ठेवली आहे. तिची पहिली पायरी जागा: दार बंद होईल अशी खोली, बसायला खुर्ची, मध्ये कुणी येणार नाही एवढी व्यवस्था. आपल्या देशात २०१९ पासून एमबीबीएसच्या मुलांना रुग्णाशी बोलायचं कसं हे अभ्यासक्रमातच शिकवतात. मुलं ते शिकून बाहेर पडतात आणि कामाच्या ठिकाणी पहिली पायरीच नसते.

गोव्याला हा आजार नवा नाही. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर नाकात नळी घेऊन विधानसभेत अर्थसंकल्प मांडायला आले, १७ मार्चला स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. त्या महिन्यांत स्वादुपिंड हा शब्द आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही पाठ झाला. तरी आज गावात कॅन्सर म्हणत नाहीत, "तें दुयेंस", म्हणजे ते दुखणं, म्हणतात, तेही आवाज खाली करून. ताईच्या सुनेने तर आठ महिने माहेरी सांगितलं नव्हतं. घरात ज्याचं नाव घेत नाहीत ते मोकळेपणी बोलायची एकच जागा उरते, ती डॉक्टरसमोरची खुर्ची. म्हणून तिथली १२ मिनिटं मला एवढी महत्त्वाची वाटतात.

तेव्हा पहिलं मागणं हे. राज्यातल्या प्रत्येक कॅन्सर ओपीडीत नव्या निदानाच्या पेशंटसाठी वेगळा वेळ आणि दाराची खोली द्या, आणि तो वेळ डॉक्टरच्या ड्यूटीत धरा. डॉक्टरने सांगून झाल्यावर तिथेच कोंकणी-मराठी बोलणारी समुपदेशक बसू दे, जी सगळं पुन्हा एकदा सांगेल आणि उपाशीपोटीची तपासणी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून देईल. बांबोळीत मनोविकारांवरची संस्था आहेच, तिथून माणसं देता येतील. शब्दांचा माणसाच्या मनावर कसा परिणाम होतो हे युरोपला दाखवणारे अबे फारिया कांदोळीचे, त्यांचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे. आपल्या रुग्णालयात शब्दांना एक खोली मिळायला हरकत नसावी.

दुसरं फोनचं. किमोनंतर साधारण आठवड्याभराने पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या दिवसांत ताप १०० च्या वर चढला तर सकाळची वाट पाहून चालत नाही. हे आम्हाला सांगितलेलं होतं. पण रात्री दोनला ताईचं अंग तापलं तेव्हा विचारायचं कुणाला? मी त्या डॉक्टरच्या स्वतःच्या मोबाइलवर फोन केला. त्याने उचलला, काय करायचं ते सांगितलं, ताई वाचली. सकाळी नऊला तो ओपीडीत होता. माझ्यासारख्या किती जणींकडे त्याचा नंबर असेल याचा विचार मी तेव्हा केला नव्हता, आता करते. किमो घेणाऱ्यांसाठी पाळीपाळीने उचलला जाणारा एक नंबर असावा, आणि काणकोण, पेडणे, सत्तरीतल्या आरोग्य केंद्रांना अशा तापात पहिलं इंजेक्शन कोणतं द्यायचं ते लेखी दिलेलं असावं.

तिसरं डॉक्टरांचं. कामाने माणूस आतून विझतो याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या यादीत घेतली, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. अमेरिकेत केनेथ श्वार्त्झ नावाचा वकील १९९५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने वारला. आपल्याशी मायेने वागलेल्या डॉक्टर-नर्सेसचं त्याला फार वाटलं होतं. त्याच्या नावाने पुढे बॉस्टनच्या रुग्णालयात बैठका सुरू झाल्या. त्यात डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय एकत्र बसून एखाद्या पेशंटमुळे आपल्या मनाला काय झालं ते बोलतात. औषधोपचारांची चर्चा तिथे नसते, कुणी कुणाचा साहेबही नसतो. महिन्यातून एक तास. आपल्याकडे हा तास जिन्याच्या पायरीवर एकट्याने काढावा लागतो.

जून २०२५ मध्ये गोवा मेडिकल कॉलेजातल्या एका डॉक्टरशी कॅमेऱ्यांसमोर कसं बोललं गेलं ते साऱ्या गोव्याने मोबाइलवर पाहिलं. नंतर माफीही मागितली गेली, म्हणून तो विषय मी उकरत नाही. एवढंच सांगते की त्या दिवशी ताईने टीव्ही बंद करायला लावला.

तिची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. त्या डॉक्टरसाठी तिने यंदाची सोलां, म्हणजे कोकमाची सुकी सालं, बरणीत भरून ठेवली आहेत, पिशवीत नको म्हणते, मान राहत नाही. गेल्या खेपेला सिस्टर हळूच म्हणाली, तो राजीनामा द्यायच्या विचारात आहे. मी हे ताईला अजून सांगितलेलं नाही. आम्ही सहाच्या बसने निघू.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
पैंगीण, काणकोण