गोळीवरचा टीडीएस

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इराणी वैद्यकीय हस्तलिखितांवरचा लेख आला होता तो मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून वाचला, बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि वेळच वेळ होता. लेख छान आहे पण अर्धा लेख सोन्याचा वर्ख आणि शहाचे शिक्के यातच गेला आणि खरी गंमत राहून गेली असं वाटलं. (कॉलेजला इतिहास होता, शिवकालीन कागद वाचता यावेत म्हणून दोन वर्षं फारसी शिकलो, आता निम्मं विसरलोय पण नाद सुटत नाही.)

गंमत अशी की त्या काळी वैद्यकावर लिहायचं म्हणजे अरबीत, नामांकित वैद्य इब्न सीना स्वतः बुखाराकडचा, म्हणजे फारसी मुलखातला, पण त्याचा 'कानून' हा वैद्यकाचा ग्रंथ अरबीतच. आणि इ.स. १११० च्या सुमारास इस्माईल जुर्जानी नावाचा वैद्य मध्य आशियातल्या ख्वारज्मच्या शहासाठी 'जखीरा-ए ख्वारज्मशाही' लिहितो ते सरळ फारसीत! फारसीत आधीही वैद्यकाची पुस्तकं होती पण एवढा मोठा कोश पहिलाच. मग त्याचंच लहान रूप काढलं 'खुफ्फी-ए अलाई', खुफ्फ म्हणजे बूट, दोन लांबट बारीक भाग, राजपुत्र घोड्यावर निघाला की एकेका बुटात एकेक खोचायचा. वर्ख राहू द्या बाजूला, मला तर हे बुटातलं पुस्तकच जास्त आवडतं.

आपल्याकडे पण हेच झालं. दिल्लीचा सुलतान सिकंदर लोदी, त्याचा वजीर मियां भुवा, त्याने १५१२ मध्ये सुश्रुत, चरक, वाग्भट असं सगळं फारसीत आणलं कारण युनानी औषधांची नावं इथे कोणाला कळेनात, ती औषधं मिळेनात, शिवाय इथल्या हवेला मानवेनात. आणि तो फिरिश्ता, इतिहास लिहिणारा, लहानपणी अहमदनगरला आला, पुढे विजापूरला इब्राहिम आदिलशहाकडे गेला, त्याने सुद्धा आयुर्वेदावर फारसीत पुस्तक केलंय, हे मात्र कोणी सांगत नाही. बाकी शब्दांचं म्हणाल तर तब्येत, मलम, जुलाब, गुलकंद हे सगळं आपल्याकडे फारसीतूनच आलं, आणि दारू म्हणजे फारसीत औषध, आपण त्याचं काय केलं ते तलावपाळीला रात्री फिरणाऱ्यांना विचारा.

आता मूळ मुद्दा. बाबांना डिस्चार्ज मिळाला, हातात तीन पानी फाईल, सगळी इंग्रजीत. बाबा ३४ वर्षं अकाउंट्सला होते, घरी आल्यावर चष्मा लावून गोळ्यांची यादी वाचायला बसले आणि म्हणाले काय रे, आता गोळीवर पण टीडीएस कापतात का? आम्ही सगळे हसलो. पण टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही, आणि बाबा ती अँटिबायोटिकची गोळी तीन दिवस रोज एकच घेत राहिले. चौथ्या दिवशी ताप, टाक्यांच्या जागी लाल, परत रिक्षा, परत तेच बाकडं. तिथल्या सिस्टरना विचारलं मराठीत का नाही देत तर म्हणाल्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीये. औषधं चांगली, डॉक्टर चांगले, बिल तर विचारूच नका, फक्त गोळी कधी घ्यायची हे पेशंटला कळेल असं लिहायची सोय नाही. सुलतानाच्या वजिराला १५१२ मध्ये सुचलं ते इथे सॉफ्टवेअरवाल्याला सुचत नाही म्हणजे कमाल आहे.

तुमचा पेपर ठाण्यात घराघरात जातो, डॉक्टर मंडळी पण वाचतात. डिस्चार्जच्या कागदावर निदान गोळ्यांच्या वेळा तरी मराठीत द्या, एवढी मागणी कृपया छापा. तोवर मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने आखून दिलेत, बाबा गोळी घेतली की त्यात बरोबरची खूण करतात आणि खाली लफ्फेदार सही ठोकतात, जुनी सवय.

आपला नम्र,
एक वाचक, कळवा (ठाणे)