अँटिपारोसच्या ४११ पायऱ्या

ति. बाबा आणि सौ. आईस सा. न.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकले खरे पण त्यात काहीच कळत नाही, मोबाइलने सगळं पिवळं करून टाकलंय, म्हणून म्हटलं बसून नीट लिहावं. शनिवारी अँटिपारोसला जाऊन आले, ग्रीसमधल्या त्या छोट्या बेटावरची गुहा बघायला. पिरेअस बंदरातून मोठ्या बोटीने पारोस बेट, तिथून छोटी फेरी, दहाच मिनिटांची, आणि मग बसने डोंगरावर. गुहेच्या तोंडाशीच सेंट जॉनचं पांढरंशुभ्र चर्च आहे, इवलंसं, आपल्याकडे गडाच्या दाराशी मारुती असतो ना तसं. तिथून ४११ पायऱ्या खाली.

बाबा, गुहा म्हटलं की आपल्याला वेरूळ-अजिंठाच आठवतं, पण ती छिन्नीने खोदलेली, आपला काळा कातळ काही पाण्याने विरघळत नाही. इथला दगड चुन्याचा. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, जरासं आंबट होतं आणि दगड खात खात खाली उतरतं, आत पोकळीत आलं की गॅस उडून जातो आणि चुना मागे राहतो. आजीच्या बंबात आतून पांढरा थर धरायचा आठवतंय का, तेच हे, फक्त इथे हजारो वर्षं चाललंय आणि त्याचे माणसापेक्षा उंच खांब झालेत, वरून लोंबणारे वेगळे आणि खालून वर आलेले वेगळे. रेलिंगजवळ एक नळी होती, शहाळ्याच्या स्ट्रॉएवढी बारीक, आतून पोकळ, टोकाला थेंब. तो थेंब फुगत फुगत जातो, लांबट होतो, आता पडेल आता पडेल असं वाटतं आणि पडतच नाही. मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते, मागचे लोक पुढे निघून गेले.

१६७३ सालच्या नाताळात मार्की द न्वांतेल नावाच्या फ्रेंच राजदूताने इथे खाली प्रार्थना करवली होती, एका मोठ्या लवणस्तंभाची वेदी करून. तेव्हा ह्या पायऱ्या नव्हत्या, दोर धरून उतरायचं, म्हणजे विचार करा. त्याचा लॅटिन लेख अजून आहे. आणि ग्रीसच्या राजा ऑटोचं नाव, १८४० चं. आणि त्याच्या आजूबाजूला शेकडो लोकांची नावं, तारखा! बाबा, तुम्ही रविवार रविवार गडावर जाऊन ऑइलपेंटची नावं घासता, मला तिथे तुमचीच आठवण झाली आणि खरं सांगते राग आला, राजा असला म्हणून काय झालं. पेंट निदान घासून निघतो. काही ठिकाणी तर खांबच तोडून नेलेत, नुसते खुंट राहिलेत आणि तुटल्या जागी आतली वर्तुळं दिसतात, झाडाच्या बुंध्यासारखी. त्यातल्या एका खुंटाच्या कडेला थेंब लटकत होता. त्याचा फोटो वेगळा पाठवते, तुमच्या गडाच्या ग्रुपवर तोच टाका.

वर येताना दम लागला पण बाहेर आल्यावर समोर समुद्र आणि असा वारा की बस.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का? नसेल तर ह्याच आठवड्यात काढा, पुढच्या वर्षी तुम्ही दोघं आलात की तिला त्या पायऱ्या उतरायच्यात.

तुमची,
सोनू