बेगम रोकेया आपल्या मुलांना भेटाव्यात

सावित्रीबाई, पंडिता रमाबाई मुलांना ठाऊक असतात. बेगम रोकेया सखावत हुसेन हे नाव मात्र माझ्या वर्गात कुणी ऐकलेले नव्हते. १८८० साली आजच्या बांगलादेशातील रंगपूरजवळच्या पायराबंद गावी जन्मलेली आणि कडक पडद्यात वाढलेली ही मुलगी रात्री घर झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात थोरल्या भावाकडून शिकली. १९०५ मध्ये तिची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा मद्रासच्या मासिकात आली. त्या कथेत पुरुष पडद्यात आहेत आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात!

पतीच्या निधनानंतर १९०९ मध्ये त्यांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. १९११ मध्ये कोलकात्यात आठ मुलींवर ती पुन्हा उभी केली. शाळेची मोटार इतकी बंदिस्त होती, की आत मुलींना घेरी येई. खिडक्यांना पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात म्हणून धमकीची पत्रे आली. हे सारे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तरी १९३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी शाळा सोडली नाही.

त्यांच्यावर एक धडा मराठी पाठ्यपुस्तकात यावा, ही पाठ्यपुस्तक मंडळाला कळकळीची विनंती.

— एक शिक्षिका, सातारा