कणकवलीच्या सरांना, जाहीर आभार

सर, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला हे पत्र आवडणार नाही, ठाऊक आहे. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही पावसाचं काढता नाहीतर मोहोराचं. म्हणून जाहीर लिहिते. नाव घालत नाही, तेवढी तुमची इच्छा पाळते. कणकवलीत कॉम्प्युटरचे क्लास घेणारे बरेच आहेत, त्यामुळे कोण ते बाकीच्यांना कळायचं नाही आणि तुम्हाला कळल्याशिवाय राहायचं नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आधीचा आठवडा देवगडात कसा असतो हे मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगून समजत नाही. उजाडताच गडी झेले घेऊन झाडांवर, मग आंब्याची निवड, पेंढा, पेट्या भरणं, संध्याकाळी गाडी. जेवायची शुद्ध नसते. नेमक्या त्या आठवड्यात आंबे विकायच्या आमच्या साइटवरचं 'पेटी नोंदवा' हे बटण एकदा दाबलं की दोन नोंदी करायला लागलं. पुण्याच्या एका आजींनी एक पेटी मागितली, त्यांना दोन पेट्यांचे निरोप गेले आणि त्या बिचारीने दोन्हीचे पैसे भरले. मामंजी म्हणाले, "ह्या बटणापेक्षा वाशीचो दलाल बरो. तो निदान एकदाच कापता."

दोन नोंदी का होतात ते तसं दिसत होतं. साइट बनवणाऱ्या शहरातल्या कंपनीने बटणाच्या टॅगमध्येच, म्हणजे पान ज्यातून उमटतं त्या मार्कअपमध्ये, ऑनक्लिक (दाबल्यावर काय करायचं ती सूचना) लिहून ठेवलं होतं. ते पेटीनोंदवा नावाचं फंक्शन, म्हणजे ठरलेल्या कामाचा कोड, चालवून जुन्या पद्धतीने नोंद करायचं. नव्या पेमेंटसाठी आम्ही आमच्या स्क्रिप्टमधून, म्हणजे पानाला जोडलेल्या आमच्या कोडमधून, ॲडइव्हेंटलिसनरने बटणावर दुसरा लिसनर (बटण दाबण्याची वाट बघत बसणारं फंक्शन) लावला. आता जुनं काढायला हवं, तर ते पान त्यांच्या साच्यातून तयार होऊन येणार, तिथे आम्हाला हात लावायची मुभा नाही. मुभा फक्त शेवटी आपली स्क्रिप्ट जोडायची. म्हणून त्या स्क्रिप्टमधून, लावलेला लिसनर काढून घेणारा रिमूव्हइव्हेंटलिसनर पेटीनोंदवाच्या नावाने चालवला. चूक दाखवली नाही, लाल अक्षर उमटलं नाही, काही म्हणजे काही झालं नाही. बटण आपलं दोन-दोन पेट्या विकत बसलं.

कंपनीला फोन केले. दर वेळी नवा मुलगा. एकाने आमच्या नेटला दोष दिला. दुसऱ्याने पूर्ण साइट नव्याने करायचं कोटेशन पाठवलं, तेही मागितलं नसताना. त्यांच्या कोणा तज्ज्ञाने तर कमालच केली: बटणाची प्रत काढून मूळच्या जागी ठेवली, म्हणजे म्हणे सगळे लिसनर गळून पडतात. पडतात की! पण कोणते? क्लोननोडने प्रत काढली की ॲडइव्हेंटलिसनरने लावलेले मागे राहतात आणि टॅगमध्ये लिहिलेलं सगळं प्रतीत जसंच्या तसं येतं. म्हणजे आमचा नवा लिसनर गेला, तो परत लावावा लागला, आणि काढायचा होता तो जुना ठणठणीत. वर मला विचारलं, "मॅडम, घरात कोणी शिकलेलं आहे का? त्यांना फोन द्या." सर, त्या दिवशी मी मोबाइल फणसाच्या झाडावर फेकून मारायची बाकी होते.

आणि मग तुम्ही आलात. गाडी लावली, पाणी प्यालात, आणि लॅपटॉप माझ्याच पुढ्यात राहू दिलात. काय काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायला सांगितलंत. मी वाचत गेले, तुम्ही मान हलवत गेलात. मग म्हणालात, "वयनी, तुमचा काय चुकाक नाय. तुमी ज्याक काढूक बघतास तो थंय नायच."

क्रोम ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, गेटइव्हेंटलिसनर्स लिहायला लावलंत, त्याने बटणावर कोण कोण बसलंय त्याची यादी येते. क्लिकवर दोघे जण बसलेले दिसले. जुन्याचं नाव मला वाटत होतं तसं पेटीनोंदवा नव्हतंच, ऑनक्लिक होतं! टॅगमधला मजकूर ब्राउझर स्वतःच्या एका फंक्शनमध्ये भरतो आणि ते फंक्शन लावतो. आमचं पेटीनोंदवा त्याच्या पोटात. वखारीच्या वहीत पेटीचा नंबर लिहिलेला आणि आपण आतल्या आंब्याचं नाव घेऊन विचारत बसलोय, असा प्रकार. रिमूव्हइव्हेंटलिसनरला लावलेलं तेच फंक्शन हातात द्यावं लागतं. ते मिळालं नाही तर तो तक्रारही करत नाही, मुकाट परत जातो. त्या मुकाटपणानेच माझ्या रात्री खाल्ल्या.

उपाय एका ओळीचा निघाला. बटणाच्या ऑनक्लिकला नल, म्हणजे 'काहीच नाही', द्यायचं, संपलं. कोटेशनमधला आकडा इथे लिहीत नाही, लोक हसतील.

चहा घेताना तुम्ही म्हणालात, कंपनीच्या मुलांना फार बोलू नका. टॅगमध्ये ऑनक्लिक लिहायची रीत नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातली, 1995 साली पानांना हलतं-बोलतं करणारी जावास्क्रिप्ट ही भाषा जन्मली तेव्हापासूनची. ॲडइव्हेंटलिसनर 2000 साली प्रमाणित झाला, पण इंटरनेट एक्सप्लोररने तो घेतला 2011 च्या नवव्या आवृत्तीत. तोवर सवयी मुरल्या. असेल. पण सवय जुनी असणं वेगळं आणि फोनवर बाईमाणसाशी तसं बोलणं वेगळं, एवढं मी तुमच्याशी असहमत आहे आणि राहणार.

मला लिहायचं होतं ते खरं पुढचंच. काम झालं होतं, अंधार पडत होता, तुम्हाला नांदगाव तिठ्यापर्यंतचा रस्ता कापायचा होता. तरी तुम्ही परत बसलात आणि त्या ओळीच्या वर एक टिप्पणी लिहिलीत. ब्राउझर वाचत नाही, फक्त माणूस वाचतो ती. त्यात होतं: "हा ऑनक्लिक मार्कअपातसून येता. रिमूव्हइव्हेंटलिसनरान जाऊचो नाय, आणि तो सांगूचोय नाय. वयनीचा काय चुकाक नाय."

शेवटचं वाक्य प्रोग्रामला कशाला हवं होतं? मी विचारलं तर म्हणालात, उद्या दुसरं कोणी ही फाइल उघडेल, त्याला कळायला हवं. सर, तुम्ही गेल्यावर मी ते वाक्य किती वेळ बघत बसले ते सांगत नाही. इतके दिवस घरात आणि फोनवर सगळ्यांचं बोट माझ्याकडे होतं. कोणी उघड म्हणत नव्हतं, पण "तूच काहीतरी दाबलंस" हे चेहऱ्यावर दिसायचंच. मामंजींना ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. ते "बरा" म्हणाले. ओळखणाऱ्यांना माहीत आहे, त्यांच्याकडून "बरा" म्हणजे केवढं.

आपल्याकडे माणसाच्या हुशारीचं कौतुक फार. हुशार मला त्या आठवड्यात पुष्कळ भेटले. समोरच्याला लहान न करता मदत करणारा एकच आला. कोकणी माणूस खवचट म्हणून आपणच मिरवतो, पण अशी माणसं प्रत्येक गावात असतात. कोणाचा पंप दुरुस्त करून देतात, कोणाचा सातबारा वाचून देतात, आणि नंतर त्या घरात विषयही काढत नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, कारण ती लिहू देत नाहीत.

एक गंमत तुम्हाला सांगायची राहिली. मे संपता संपता कंपनीतल्या एका मुलाने ती फाइल उघडली आणि फोन केला, "मॅडम, ही मालवणीतली कमेंट कोणी लिहिली?" मी म्हटलं, घरातल्या शिकलेल्या माणसाने.

राहता राहिला हिशेब. तपासायला म्हणून तुम्ही स्वतःच्या मोबाइलवरून ते बटण दाबलंत, एकच निरोप आला, आणि आम्ही नको नको म्हणत असताना तुम्ही पेटीचे पुरते पैसे भरून मोकळे झालात. मामंजींच्या मनात ते अजून सलतंय. त्यांचा निरोप असा: यंदाच्या पहिल्या तोडीतली पेटी कणकवलीच्या एसटी स्टँडवर येईल, घ्यायला यावं, आणि बटणाला हात लावू नये.

आपली,
देवगडची वहिनी