सूर्यावरचे डाग आणि इथला बर्फ

एडिंबरा

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

सूर्यावरचे डाग कमी झाले की युरोपात बर्फ जास्त पडतो, हे खरं का, आणि वर्गात पोरांना काय सांगू, असं तू विचारलंस. फोनवर घाईघाईत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं. डागांच्या उच्चांकापासून नीचांकापर्यंत सूर्याकडून येणारी एकूण ऊर्जा बदलते ती जेमतेम ०.१ टक्का. तेवढ्याने कुणाला हुडहुडी भरत नाही. खरी मेख अतिनील किरणांत आहे. ते कित्येक टक्क्यांनी कमीजास्त होतात, आणि त्यांना शोषून घेतो वातावरणाच्या वरच्या थरातला ओझोन. नीचांकाच्या काळात विषुववृत्तावरचा तो थर कमी तापतो, ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक घटतो आणि ध्रुवाभोवती गरगरणारे हिवाळी वारे ढिले पडतात. तो ढिलेपणा हळूहळू खाली उतरतो. मग अटलांटिकवरून येणारे उबदार पश्चिमी वारे मंदावतात आणि पूर्वेकडची कोरडी, बोचरी हवा ब्रिटनवर घुसते. मात्र पृथ्वीवरची उष्णता कुठे नाहीशी झालेली नसते. इथे आम्ही गारठतो तेव्हा ग्रीनलंड आणि ईशान्य कॅनडाकडे हिवाळा सौम्य जातो.

डिसेंबर २००८ मध्ये असाच एक नीचांक आला, आणि तो लांबलाही. त्यानंतर ७ जानेवारी २०१० रोजी नासाच्या टेरा उपग्रहाने टिपलेला फोटो शोधून पोरांना नक्की दाखव: अख्खं ब्रिटन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरं! त्याच वर्षीचा डिसेंबर आणखी कडक निघाला. मध्य इंग्लंडची महिन्याची सरासरी शून्याखाली गेली, १८९० नंतर इतका थंड डिसेंबर झाला नव्हता. इथून ग्लासगोला जाणाऱ्या एम-८ रस्त्यावर लोक रात्रभर गाड्यांत अडकले. आमच्या दारातला बर्फ फावड्याने ओढून मीठ टाकायचं, तर सकाळी त्यावर पुन्हा घोट्याएवढा थर आणि खाली काचेसारखा निसरडा पापुद्रा.

पण एवढंच सांगून थांबलास तर पोरांची फसवणूक होईल. १९४७ घे. जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंत ब्रिटन बर्फाखाली गाडलं गेलं, रेल्वे अडल्या, कोळसा पोचेना. सूर्य तेव्हा उच्चांकाच्या उंबरठ्यावर होता; एप्रिलमध्ये तर नोंदीतला सगळ्यात मोठा डागसमूह दिसला. उलट डिसेंबर २०१९ मध्ये नीचांक होता, आणि त्या हिवाळ्यात ध्रुवीय वारे इतके जोरात होते की हेलसिंकीत बर्फाची वानवा पडली. ब्रिटनच्या साडेतीनशे वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या माइक लॉकवूड या शास्त्रज्ञांनाही सूर्य शांत असताना कडक हिवाळे अधिक आढळले. पण १६८४ च्या विक्रमी थंडीनंतर दोनच वर्षांनी, सूर्य तसाच निस्तेज असताना, हिवाळा चांगला उबदार गेला. सूर्य पारडं किंचित झुकवतो, इतकंच. समुद्राचं तापमान, एल निनो, वरच्या थरातले दिशा बदलणारे वारे हेही त्याच पारड्यात बसलेले असतात. आणि बर्फ पडायला थंडीबरोबर ओलावाही लागतो. ‘नवं हिमयुग येणार’ छापाचे जे मेसेज तुझ्याकडे फिरतात, ते १९४७ आणि २०१९ चं नावच घेत नाहीत. मला सगळ्यात जास्त चीड येते ती ह्याची.

तुझ्या वऱ्हाडाचाही ह्यात संबंध आहे! १६४५ ते १७१५ या जवळजवळ डागविरहित काळाला ज्यांचं नाव दिलंय ते खगोलशास्त्रज्ञ मॉन्डर, पत्नी ॲनीसह, २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण पाहायला तळणीला आले होते. ॲनीबाईंनी तिथे सूर्याच्या प्रभामंडलाचा एक प्रचंड लांब किरण फोटोच्या काचेवर पकडला. पोरांना हे सांगच.

आणि पुण्याला जाणं झालं तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत चौकशी कर. भारताच्या आदित्य-एल१ या सूर्य बघणाऱ्या यानावरची सूट ही दुर्बीण त्यांनीच घडवली, आणि ती बघते नेमके हेच अतिनील किरण. सध्याच्या चक्राचा उच्चांक २०२४ मध्ये येऊन गेला, म्हणजे पुढचा नीचांक २०३० च्या आसपास. तोवर तुझ्या शाळेत डागांची वही सुरू करता येईल का? दुर्बिणीतून सूर्याकडे थेट कुणालाही बघू देऊ नकोस. पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडून डाग पेन्सिलीने उतरवायचे. कागद आणि स्टँडचा खर्च मी पाठवतो, फक्त कधी सुरू करतोस ते कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल