आप्पा, त्या करड्या बुचासाठी

आप्पा, नमस्कार.

फोनवर "आभार कसले मानतेस पोरी" म्हणत तुम्ही विषय संपवलात, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये रक्तातला युरिया प्रतिदीप्तीने, म्हणजे चमक किती पडते त्यावरून, मोजायचा होता. युरियेज हे विकर युरिया फोडून अमोनिया मोकळा करतं. ऑर्थो-थॅलअल्डिहाइड आणि सल्फाइट घातलं की त्या अमोनियाचं एक संयुग बनतं आणि 365 नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात ते निळं चमकतं. पाण्यात बनवलेल्या, युरिया किती ते माहीत असलेल्या प्रमाण द्रावणांची आलेखावरची रेघ अगदी सरळ यायची. रक्ताचे आकडे मात्र निम्म्याहून कमी, तेही दर वेळी वेगळे. तीन आठवडे मी युरियेजला दोष दिला. नवी बाटली मागवली, क्युव्हेट (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळ्या) बदलल्या, एका रात्री रडलेसुद्धा.

तुम्ही अमळनेरहून भर एप्रिलच्या उन्हात एसटीने जळगावला आलात. एका डब्यात बर्फ, दुसऱ्यात कळण्याची भाकरी. चष्मा कपाळावर सरकवून स्टँडवरची नळी उचललीत.

"काय व्हयनं पोरी? शुगरच्या नळीत युरिया?"

करडं बूच, म्हणजे आत फ्लोराइड. ते रक्तातली साखर टिकवतं, पण युरियेजमधल्या निकेलला चिकटून विकराचं कामच अडवतं. शिबिरातून उरलेल्या त्या नळ्या मीच मोठ्या आनंदाने आणल्या होत्या. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची नळी घेतलीस तर अमोनियमवाली घेऊ नकोस, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत. नाहीतर अमोनिया नळीतूनच येणार!

मग लाल बुचाच्या नळीत माझंच रक्त काढलंत. अर्धा तास गोठू दिलंत, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवलंत आणि वर सुटलेलं पातळ सीरम खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिलात. मला वाटलं, काही बिघडलं. तुम्ही लाली शोधत होतात. पेशी फुटल्या असत्या तर हिमोग्लोबिनने प्रकाश गिळला असता आणि चमक खोटी कमी दिसली असती. सीरम गवताच्या काडीसारखं पिवळं निघालं, तेव्हा कुठे मान हलवलीत.

त्या दिवशी आकडा आला 27 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. डायअसेटिल मोनोक्झाइमच्या जुन्या पद्धतीने, जिथे युरियेज लागतच नाही, आला 28. मी उडीच मारली, तुम्ही म्हणालात, "अजून दोनदा कर." केलं. जुळलं.

रविवारी बांधलेली प्रत घेऊन घरी येते. नळ्यांचं पान आधी तुम्हीच तपासा.

तुमची,
जळगावची पोरगी