जब्याला कोण म्हणणार, ‘आहेस तसाच राहा’?

करमाळा,
१२ जुलै

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर तू घाईत होतास आणि माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं. धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

पोराचं ऐकून वाईट वाटलं. ‘गेल्तो’, ‘आल्तो’ म्हटलं की पुण्यातली पोरं दिवसभर तेच घोकत मागे फिरतात, आणि मित्र जवळ असले की हा आता आजीचा फोनच उचलत नाही. त्यावर तू त्याला म्हणालास, ‘लक्ष देऊ नको, तू आहेस तसाच राहा.’ कुठलाही बाप हेच म्हणेल. पण हे वाक्य मला काही केल्या पटेना, आणि का पटेना याचा विचार करताना ‘फँड्री’ आठवला. तू तो अजून बघितलेला नाहीस. आपल्या जेऊरच्या नागराज मंजुळेचा पहिला मोठा सिनेमा, आणि त्यातला मुख्य पोरगा जब्या झालेला सोमनाथ अवघडे तर केमचा, हलगी वाजवणारा पोरगा. तरी तुला वेळ मिळाला नाही! त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा तालुकाभर कौतुक चाललं होतं.

२०१४ साली तो लागला १४ फेब्रुवारीला. प्रेमाच्या विंचवाचं अजय-अतुलचं गाणं आधीच गाजलेलं, त्यामुळे बरेचजण गोड लव्हस्टोरी समजून गेले. गाणं सिनेमात नाहीच. पुढं सगळे त्याला जातीवरचा सिनेमा म्हणू लागले. तो आहेच. पण मला तो आधी एका वयात आलेल्या पोराचा सिनेमा वाटतो, तुझ्या पोराच्याच वयाच्या.

जब्या नगरजवळच्या अकोळनेरात राहतो, म्हणजे गावाबाहेर. घर कैकाड्याचं. बाप कचरू मिळेल ते काम करतो आणि गावाला नको झालेली डुकरं पकडायची वेळ आली की हाक त्यालाच. जब्याला वर्गातली शालू आवडते. मग तो काय करतो? तोंडाला पावडर लावतो. नाक सरळ व्हावं म्हणून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून बसतो. जीन्स-टीशर्टसाठी त्याचा जीव तुटतो, त्यासाठी सायकलवर आइसकांड्या विकतो, आणि ती सायकलच गाडीखाली जाते. सायकलच्या दुकानातल्या चंक्यानं डोक्यात भरवलंय की काळी चिमणी जाळून तिची राख पोरीवर टाकली की ती वश होते. म्हणून हा दोस्त पिऱ्याला घेऊन गलोल हातात धरून रानोमाळ हिंडतो. पत्रही लिहितो, पण ते तिच्या हातात जात नाही. यातलं काय तुझ्यामाझ्या नववीत नव्हतं, सांग. पावडर तर तू किलोनं लावायचास.

आता माझा मुद्दा. अमेरिकन शाळांचे सिनेमे तुझं पोरगं मोबाइलवर बघतंच. त्यात नवी पोरगी भारी पोरींच्या टेबलावर बसायला धडपडते, कपडे बदलते, जुन्या मित्रांना विसरते आणि शेवटी ‘मी जशी आहे तशीच बरी’ म्हणून परत येते. तिथं ते शोभतं, कारण परतायला तिचं स्वतःचं असं काहीतरी असतं. जब्यानं कुठं परतायचं? तो कोण आहे हे गावानं त्याच्या जन्माआधीच ठरवून टाकलंय. पालखीत डुक्कर घुसलं की पाटील कचरूला बोलावणार आणि कचरू पोराला. जत्रेत बाकीची पोरं नाचणार आणि याच्या डोक्यावर गॅसबत्ती. ‘आहेस तसाच राहा’ हे त्या गावात शहाणपण नाही रे, हुकूम आहे. मग ती जीन्स, तो चिमटा, त्यात जब्या स्वतःला विसरतोय असं कसं म्हणायचं? मला तर वाटतं, तेवढ्यापुरताच तो स्वतःचा असतो.

त्याच शाळेत गुरुजी चोखोबांचा अभंग शिकवतात, ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा’. पोरं ऐकतात. बाहेर डुक्कर शिवलं म्हणून विटाळ धरायचा तो धरतातच.

शेवटची डुक्कर धरायची लांबलचक धावपळ मात्र तू नीट बघ. कचरूला लेकीच्या लग्नासाठी पैसा हवाय, म्हणून सगळं घर कामाला जुंपलंय. किशोर कदमनं हा बाप असा उभा केलाय की त्याचा राग येतो आणि रागावताही येत नाही. जब्या वर्गातल्या पोरांना दिसू नये म्हणून आडोशाला लपतो. बाप शोधून काढतो आणि सगळ्यांसमोर बडवतो. पोरं तमाशा बघत बसलेली, हसणं, चिडवणं, मोबाइल. डुक्कर अगदी हाताशी येतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. मग सगळं घर उभं. डुक्कर निघून जातं. थिएटरात लोक हसले होते, नंतर एकदम गप्प झाले. पुढं मेलेलं डुक्कर खांद्यावर टाकून ते शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या, सावित्रीबाईंच्या चित्रांवरून जातात. मंजुळे त्यावर एक अक्षर बोलत नाही. शेवटचा दगड कुणावर येतो ते मी सांगत नाही.

तुझ्या पोराचं दुखणं आणि जब्याचं एक आहे असं मी म्हणत नाही. तुझ्या पोराला बोलीवरून चिडवतात, उद्या तो त्यांच्यासारखा बोलू लागेल आणि विषय संपेल. जब्याला ती सोय नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या तमाशा बघणाऱ्या पोरांत आपण दोघं सहज खपलो असतो. म्हणून पोराबरोबर बघताना ‘बघ, तुझं दुःख किती लहान’ असलं काही ऐकवू नको, हात जोडतो. ‘काय शिकलास?’ असंही विचारू नको. तो गप्प राहिला तर राहू दे.

ते भारीतले बूट मागतोय म्हणालास ना? परवडत असतील तर घेऊन दे. बुटापायी तो काही परका होत नाही. आजीचा फोन न उचलणं ही गोष्ट वेगळी, ती त्याच्याशी स्पष्ट बोल, पण चारचौघांत नको. आणि घरात तू स्वतः कसा बोलतोस, तेही बघ जरा. मागच्या खेपेला भाजीवाल्याशी असली शुद्ध पुणेरी झाडत होतास की मला हसू आवरेना.

काकूंना नमस्कार सांग. केमचं कुंकू त्यांनी मागितलं होतं, ते जत्रेला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो. सिनेमा बघून झाला की फोन कर, रात्री दहानंतर, दुकान तोवर बंद झालेलं असतं.

तुझा,
दिल्या